एक धक्का, पाच वर्षांचा हिशेब

पेढीसमोर गाडी मागे घेताना खांबाला धक्का लागतो, बंपर चेपतो आणि गॅरेजवाला 5,000 रुपयांचा खर्च सांगतो. विमा आहे, तेव्हा दावा करण्याकडे सहज कल होतो. परंतु व्यापारी कुटुंबाने येथे आधी वही उघडावी.

दावा न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर 20 टक्के सवलत मिळते; पुढे ती 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के होते. हाच नो क्लेम बोनस. बोनस-संरक्षणाची जोड घेतली नसेल, तर एका दाव्याने तो शून्यावर येतो. मूळ हप्ता 12,000 रुपये असेल आणि तोच राहिला, तर निम्मी सवलत परत मिळेपर्यंत पाच वर्षांत एकूण 15,000 रुपये अधिक जातात. म्हणून लहान दुरुस्ती पदरच्या पैशांनी आणि मोठे नुकसान विम्यातून, हाच शहाणपणा.

मात्र दुसऱ्यास इजा झाल्यास हा हिशेब लागू नाही. त्यासाठी तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्यातून जखमीस भरपाई दिल्याने बोनस बुडत नाही. तेथे अपघात दडवू नये.

विमा कंपनी बदलताना मागील दावा लपवून बोनस घेतल्यास पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्याहून मोठी हानी सत्य आणि अचौर्य या अणुव्रतांची होते. प्रमाद घडला, तर तो मान्य करावा. त्याची खोटी नोंद करू नये.