कानासाठी त्वचा वाढवताना

बाळ जन्मतः कानाच्या जागी नुसता मांसल उंचवटा घेऊन येतं, त्या स्थितीला मायक्रोशिया म्हणतात. मुलींपेक्षा मुलांत आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला ती जास्त दिसते. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, असं आपल्याकडे अजून ऐकवलं जातं. ते साफ खोटं आहे. आईने त्यातला एक शब्दही मनावर घेऊ नये.

पहिलं काम ऐकण्याच्या तपासणीचं. अशा कानाची नळी बहुतेकदा बंद असते, आतला कान मात्र सहसा चांगला असतो. तान्हेपणीच बेरा चाचणी करून दोन्ही बाजूंना किती ऐकू येतं ते पाहावं. कानाच्या आकाराची शस्त्रक्रिया साधारण सहा ते दहा वर्षांच्या वयात होते. तोवर बरगडीची कूर्चा पुरेशी वाढलेली असते आणि दुसरा कानही जवळजवळ मोठ्या माणसाएवढा झालेला असतो.

नवा कान घडवायला सांगाडा लागतो आणि त्यावर त्वचा. खरी अडचण त्वचेची. कानामागची त्वचा पातळ, बिनकेसांची, नेमकी हवी तशी. पण ती अनेकदा पुरत नाही. शेजारची त्वचा वळवून घेणं आपल्याकडे फार जुनं आहे. गालाच्या त्वचेतून कानाची पाळी करण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याच्या एका देशी कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नाक करून दिलं, ती हकीकत 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. पण वळवलेली त्वचा कुठून तरी कमी होतेच. 1957 साली चार्ल्स न्यूमन या अमेरिकी सर्जनने दुसरी वाट दाखवली. तुटलेल्या कानाजवळ त्वचेखाली रबरी फुगा ठेवून त्याने तो हळूहळू फुगवला आणि जागच्या जागी जास्तीची त्वचा मिळवली.

आज फुगा सिलिकॉनचा असतो. लहानशा शस्त्रक्रियेत तो रिकामाच कानामागे त्वचेखाली ठेवतात. सुई टोचायची झडपही जवळच असते. जखम सुकली की दर काही दिवसांनी बारीक सुईने थोडंथोडं सलाइन भरतात. गरोदरपणात पोटाची त्वचा वाढते, तसंच इथे होतं. ताणामुळे पेशींची संख्या वाढते, म्हणजे त्वचा नुसती ताणली जात नाही, काही नवीही तयार होते. फुग्याभोवती शरीर एक पातळ आवरण विणतं, त्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात. भरण पूर्ण झालं की फुगा काही आठवडे तसाच ठेवतात. लगेच काढला तर त्वचा आकसते.

फुगा भरण्याचे दीड-दोन महिने आणि पुढची वाट पाहणं हाच या उपचाराचा कसोटीचा भाग आहे. म्हणून घराजवळचं केंद्र निवडावं, असं मला ठामपणे वाटतं. उदाहरणार्थ, दक्षिण कोलकात्यातल्या बेहालात राहणाऱ्या कुटुंबाला याची सोय आहे. प्लास्टिक सर्जरी विभाग असलेलं एसएसकेएम हे सरकारी रुग्णालय शहरातच आहे, तिथे पुन्हा पुन्हा जाणं जमण्यासारखं आहे. डायमंड हार्बर रोडवरची जोका-माझेरहाट मेट्रोही निम्मी वाट सोपी करते. विभागात ही पद्धत करतात का, ते आधी विचारून घ्यावं. दूरच्या नामांकित रुग्णालयात फुगा बसवून घ्यायचा आणि भरायला कोणी जवळ नाही, ही परिस्थिती धोक्याची.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत फुगा काढतात. सहाव्या ते आठव्या बरगडीजवळची कूर्चा घेतात, चांगल्या कानावरून पारदर्शक फिल्मवर काढलेला नमुना उलटा ठेवून सांगाडा कोरतात आणि वाढवलेल्या त्वचेखाली बसवतात. बारीक नळीने आतली हवा आणि स्राव ओढून घेतला की त्वचा सांगाड्याला चिकटते आणि कानाच्या कडा-खळगे उमटू लागतात. त्या दिवसांत मुलाला कानापेक्षा छातीच्या जखमेचंच दुखणं जास्त असतं, हे त्याला आधीच सांगून ठेवावं. पाळी आणि कानासमोरचा उंचवटा यांचं बारीक काम पुढच्या टप्प्यात होतं. या कानाने ऐकणं मात्र सुधारत नाही. त्याचे उपाय वेगळे.

फुगा प्रत्येकालाच लागतो असं नाही. अनेक निष्णात सर्जन तो न वापरता उत्तम कान घडवतात, कारण फुग्यामुळे एक शस्त्रक्रिया वाढते आणि जंतुसंसर्गाचा, त्वचा फाटून फुगा उघडा पडण्याचा धोकाही येतो. त्वचा फारच अपुरी किंवा घट्ट असेल तिथे त्याचा उपयोग मोठा. आपल्या मुलाला तो कशासाठी हवा, हे सर्जनला सरळ विचारा.

फुगा असेपर्यंत मुलाला त्या कुशीवर झोपू देऊ नका, चेंडूचे खेळ बंद ठेवा. त्वचा पांढरीफटक किंवा निळसर दिसली, लाल होऊन दुखू लागली, किंवा पाणी झिरपलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.