पेटंटचं भाडं

पुण्यात ज्याच्याकडे दुसरा फ्लॅट आहे, त्याला पेटंटचा व्यवहार समजावून द्यायला फार वेळ लागू नये. घर विकायचं तर खरेदीखत, भाड्यानं द्यायचं तर अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, आणि कुणी घुसूनच बसला तर कोर्ट. पेटंटमधून पैसा काढायच्या वाटा साधारण याच. फरक दोन. एकच पेटंट एका वेळी दहा जणांना भाड्यानं देता येतं, आणि अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं उलटली की त्यावर कुणाचीच मालकी राहत नाही.

पेटंट मिळालं म्हणजे वस्तू बनवायचा परवाना मिळाला, असं बरेच उद्योजक धरून चालतात. तसं नसतं. पेटंट हा मनाईचा हक्क आहे. माझ्या संमतीवाचून दुसऱ्यानं ही वस्तू बनवू नये, वापरू नये, विकू नये, आयात करू नये, एवढंच तो सांगतो. पैसा मिळतो तो ही मनाई कुणासाठी तरी सैल करण्याचा. त्या वाटेनं जायची कुणालाच गरज नसेल, तर प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात लावावं आणि दरवर्षी नूतनीकरणाची फी भरत राहावं. ही फी तिसऱ्या वर्षासाठी सुरू होते आणि पेटंट जसजसं म्हातारं होतं तसतशी वाढते.

गरज असलेलं गिऱ्हाईक कसं सापडतं, याचं पुण्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनसीएलचं. पॉलिकार्बोनेट हे हेल्मेटच्या काचांपासून सीडीपर्यंत वापरलं जाणारं प्लॅस्टिक. ते बनवायची रूढ पद्धत फॉस्जीन या विषारी वायूवर चालायची. फॉस्जीन टाळून वितळलेल्या अवस्थेत बनवायला जावं, तर रेणूंच्या साखळ्या वाढतात तसा रस काकवीपेक्षा घट्ट होतो आणि ढवळता ढवळत नाही. एनसीएलच्या शास्त्रज्ञांनी काम केलं ते निराळ्या वाटेवर: आधी छोट्या साखळ्यांची घन पूड करायची आणि ती वितळू न देता तापवून घन अवस्थेतच साखळ्या वाढवायच्या. या क्षेत्रातली जगातली बडी कंपनी होती अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ एनसीएलचे संचालक होते. तोवर पाश्चात्त्य तंत्रज्ञान इथे पुन्हा घडवण्यावर भर असायचा. त्याऐवजी जगात नवं असेल तेच करायचं आणि त्याचं पेटंट परदेशात घ्यायचं, असा आग्रह त्यांनी धरला. पॉलिकार्बोनेटवरच्या अमेरिकी पेटंटांमुळेच जनरल इलेक्ट्रिक पुण्याच्या या प्रयोगशाळेशी करार करायला आली.

यातला ‘अमेरिकी’ हा शब्द महत्त्वाचा. पेटंटची हद्द देशाच्या सीमेवर संपते. एनसीएलनं फक्त भारतात अर्ज केला असता, तर अमेरिकेत बनवून अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीला तिला एक पैसाही देण्याचं कारण नव्हतं. म्हणून भारतात पहिला अर्ज केल्यापासून १२ महिन्यांच्या आत परदेशी अर्जाचं पाऊल टाकावं लागतं, आणि आपलं गिऱ्हाईक किंवा आपला स्पर्धक कोणत्या देशात आहे ते पाहून देश ठरवावे लागतात. परदेशी अर्ज महाग पडतात, म्हणून मोजकेच देश निवडावेत.

आता भाड्याचा हिशेब. समजा, भोसरीच्या एका कारखान्यानं पंपात बसणाऱ्या व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि एका पंपवाल्याला परवाना द्यायचा आहे. सुरुवातीला एकरकमी पैसे (आपलं डिपॉझिट, फक्त परत न द्यायचं) आणि पुढे विक्रीवर रॉयल्टी, अशी नेहमीची मांडणी. घासाघीस होते ती टक्क्यावर. माझ्या मते ती चुकीच्या जागी होते. व्हॉल्व्हची किंमत १,००० रुपये आणि रॉयल्टी ३ टक्के, तर नगामागे ३० रुपये. पंपाची किंमत २०,००० आणि रॉयल्टी १ टक्का, तर नगामागे २०० रुपये. टक्का एक तृतीयांश, पैसा जवळजवळ सातपट. म्हणून टक्का कशावर, हे आधी ठरवावं. सूट, कर, वाहतूक वजा करून की न करता, हेही तिथेच लिहून घ्यावं. वर्षाला किमान इतकी रॉयल्टी द्यावीच लागेल, असं कलम घालावं, नाहीतर परवाना घेऊन तो कपाटात ठेवणारे निघतात. हिशेबाची वही तपासायचा हक्कही हवा.

परवाना एकालाच की अनेकांना, कोणत्या प्रांतात, कोणत्या वापरासाठी, हे सगळं वाटून देता येतं. भाडेकरूच्या बाजूनं पाहायचं तर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं ॲस्ट्राझेनेकाकडून जो परवाना घेतला तो अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांना कोविडची लस पुरवण्यासाठी होता. दुसऱ्याच्या शोधावर धंदा उभा राहतो तो असा, हद्द आखून.

एक अट मात्र भारतात चालत नाही. ‘परवाना देतो, पण ज्यावर पेटंट नाही तो कच्चा मालही माझ्याकडूनच घे’ असं कलम पेटंट कायद्याच्या १४० व्या कलमानुसार बेकायदा ठरतं. सरळ विकून टाकायचं असेल तर लेखी दस्त लागतो आणि मालक बदलल्याची नोंद पेटंट कार्यालयात करावी लागते. पुणेकरांसाठी ते कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला. विक्रीत एकदम पैसा हाती येतो. मात्र शोध चालला की हळहळ वाटते.

नुसतं अडवून बसणंही धोक्याचं. पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावरही माल रास्त भावात लोकांपर्यंत पोचत नसेल, तर सरकार दुसऱ्याला सक्तीचा परवाना देऊ शकतं. मार्च २०१२ मध्ये बायरच्या कर्करोगावरच्या औषधासाठी हैदराबादच्या नॅटकोला तो मिळाला. महिन्याचं सुमारे २ लाख ८० हजारांचं औषध नॅटकोनं ८,८८० रुपयांना द्यायचं होतं, आणि बायरला रॉयल्टी ठरली सुरुवातीला ६ टक्के.

राहता राहिलं कोर्ट. आकुर्डीच्या बजाज ऑटोचं १९५९०४ क्रमांकाचं पेटंट होतं लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याचं. दोन्हीकडून ठिणगी पडली की ज्वाळेला कमी अंतर कापावं लागतं आणि इंधन नीट जळतं. पल्सरवरची ‘डीटीएस-आय’ ही अक्षरं याचीच. २००७ मध्ये टीव्हीएसनं दोन प्लगची ‘फ्लेम’ ही मोटारसायकल आणली आणि दावे-प्रतिदावे सुरू झाले. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं टीव्हीएसला मनाई केली. मे २००९ मध्ये खंडपीठानं ती उठवली. त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं गाडी विकायला मुभा दिली, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवायला लावला आणि खटला लवकर निकाली काढा असं बजावलं. लवकर म्हणजे किती? दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली ती २०१९ मध्ये. पेटंटचा अर्ज जुलै २००२ चा, म्हणजे वीस वर्षांपैकी बारा वर्षं भांडणात गेली, आणि तडजोडीनंतर हाती राहिली तीनसुद्धा पुरती नाहीत. जुलै २०२२ पासून दोन प्लगचं ते इंजिन कुणीही बनवावं.