अक्षर, डोळा आणि चेतापेशींचे जाळे

नौपाड्यातील गोखले रोडवरून जाणाऱ्या साक्षर माणसाला दुकानांच्या पाट्या मुद्दाम वाचाव्या लागत नाहीत; दृष्टी पडताच त्या वाचल्या जातात. अक्षर लहान असो वा मोठे, सरळ असो वा तिरके, 'घ' हा 'घ'च राहतो. आणि शिरोरेषेला मिळण्या-न मिळण्याच्या सूक्ष्म भेदावरून तो 'ध'पासून वेगळाही ओळखला जातो. ही ओळख मेंदूत कशी घडते, हा प्रश्न शरीरविज्ञानाचा खरा. परंतु लिपी आणि भाषा यांच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही.

डोळ्यातील चित्र जसेच्या तसे मेंदूकडे जाते, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. दृष्टिपटलावर सुमारे १२ ते १३ कोटी प्रकाशग्राही पेशी असतात. दृष्टिचेतेत तंतू मात्र सुमारे १० लाखच. म्हणजे चित्र वाटेतच संक्षिप्त होते, आणि पुढे पाठविले जातात ते मुख्यतः उजेड-अंधारातील भेद. मेंदूच्या मागील भागातील दृष्टिक्षेत्रात या भेदांचे काय होते, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी मांजरावरील प्रयोगांतून दाखविले. प्रकाशाच्या ठिपक्यांना दाद न देणारी एक पेशी, काचपट्टी सरकविताना पडलेल्या तिच्या कडेच्या छायेला जोराने प्रतिसाद देऊ लागली. १९५९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला; १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधाचा आशय असा की, या क्षेत्रातील पेशी विशिष्ट जागी असलेल्या विशिष्ट कलाच्या रेषेला प्रतिसाद देतात.

तथापि एकटी पेशी निर्णायक ठरत नाही. तिचा प्रतिसाद मंद झाला, तर रेषेचा कल बदलला की रेषाच फिकट झाली, हे तिच्यावरून सांगता येणार नाही. निरनिराळ्या कलांना अनुकूल अशा अनेक पेशींच्या प्रतिसादांचे परस्परप्रमाण पाहिले, म्हणजे संदिग्धता मावळते. रेषा फिकट झाल्यास सर्वच प्रतिसाद उतरतात. कल बदलल्यास काही उतरतात, काही चढतात. संकेत पेशीत नसून पेशींच्या संबंधांत आहे. वर्णाचे मूल्य इतर वर्णांशी असलेल्या भेदांतून ठरते, या भाषाविज्ञानातील सिद्धान्ताशी याचे साम्य उघड आहे. मात्र ते मर्यादित होय: घोषत्व असते किंवा नसते, पेशीचा प्रतिसाद कमी-अधिक प्रमाणात असतो.

रेषांपासून शब्दापर्यंतचा टप्पा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण आणि त्यांचे सहकारी यांनी अभ्यासिला. तेलुगू व मल्याळम वाचकांवरील त्यांच्या २०१९ च्या संशोधनात असे दिसले की, ज्ञात लिपीतील अक्षरजोडीचा प्रतिसाद तिच्यातील सुट्या अक्षरांच्या प्रतिसादांवरून अधिक अचूकपणे वर्तविता येतो. वाचनाचा सराव शब्दाला अखंड चित्र बनवीत नाही. उलट अक्षरांचे पृथक्त्व राखून त्यांची जुळणी सुकर करतो.

हे जाळे बालपणीच कायमचे घडते काय? उत्तर प्रदेशातील निरक्षर प्रौढांना सुमारे सहा महिने देवनागरी शिकवून केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दृष्टिक्षेत्र आणि मेंदूतील खोलवरची केंद्रे यांतील सहसंबंध दृढ झालेले आढळले. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासानुसार साक्षरतेमुळे चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद घटत नाही. नवे शिकताना जुने गमवावे लागत नाही.

ठाणे जिल्ह्याच्याच मुरबाड तालुक्यात, फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या स्त्रिया तेथे पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. वरील अभ्यास याहून तरुण प्रौढांचे आहेत, तेव्हा त्यांचे निष्कर्ष या वयाला तंतोतंत लावणे घाईचे ठरेल. परंतु प्रौढपणी दृष्टीचे जाळे मिटून जाते, असे मानण्यास आता आधार उरलेला नाही. 'घ' आणि 'ध' यांतील भेद ज्या क्षणी आजींच्या डोळ्यांना आपोआप दिसू लागतो, त्या क्षणी पेशींच्या संबंधांतही काही नवे जुळलेले असते, असे अनुमान करण्यास हरकत नसावी.