वेब-फॉर्ममधलं मराठी नाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वतःचं नाव बिनचूक लिहिणाऱ्या माणसाला फॉर्मने ‘नाव अवैध आहे’ असं सांगावं, हा त्याचा अपमान आहे. दोष त्याच्या लिपीचा नसतो. कोड लिहिणाऱ्याने तपासून न पाहिलेल्या समजुतींचा असतो. अशा पाच समजुती पाहू.

गैरसमज १ : युटीएफ-८ निवडलं की मराठीची सोय झाली.
वस्तुस्थिती : ती फक्त सुरुवात आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. जावास्क्रिप्ट त्याची लांबी ११ सांगते, कारण जोडाक्षरातला हलन्त आणि प्रत्येक मात्रा ती स्वतंत्र मोजते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण ३३. मायएसक्यूएलमध्ये ३० लांबीच्या रकान्यात हा शब्द मावतो, कारण तिथे मोजणी चिन्हांची असते. ओरॅकलच्या मूळ सेटिंगमध्ये मोजणी बाइटची असते, म्हणून तिथे तोच शब्द नाकारला जातो. रकाना आखण्यापूर्वी आपला डेटाबेस काय मोजतो, हे पाहून घ्या.

गैरसमज २ : नावात फक्त ‘अक्षरं’ चालतील, असा नियम सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : ए ते झेड एवढंच स्वीकारणारा रेग्युलर एक्स्प्रेशन मराठीला दारातच अडवतो. युनिकोडचा ‘लेटर’ हा गट वापरला तरी ‘कमल’ पास होते आणि ‘मीरा’ नापास, कारण काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ‘मार्क’ या वेगळ्या गटात येतात. दोन्ही गट घ्यावे लागतात. त्याहून बरं म्हणजे नावावर कमीत कमी बंधनं घाला. एसक्यूएल इंजेक्शन रोखायला पॅरामीटर असलेल्या क्वेरी आहेत, घातक स्क्रिप्ट रोखायला मजकूर दाखवतानाचं एस्केपिंग आहे. ते काम नावाच्या नियमावर सोपवू नका.

गैरसमज ३ : सारखे दिसणारे शब्द संगणकालाही सारखेच.
वस्तुस्थिती : ‘वऱ्हाडे’मधला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता जोडून. साठवताना आणि शोधताना एनएफसी नॉर्मलायझेशन केलं, की हे दोन्ही एक होतात. पण काही कीबोर्ड र, हलन्त आणि न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’ असा तिसरा मार्ग घेतात. तो फरक नॉर्मलायझेशनने जात नाही; शोधासाठी हे रूप आपल्यालाच बदलून घ्यावं लागतं. नाहीतर यादीत असलेले वऱ्हाडे शोधून सापडत नाहीत.

गैरसमज ४ : सॉर्ट केलं की यादी बाराखडीप्रमाणे लागते.
वस्तुस्थिती : युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. साध्या सॉर्टने काळे, काशीकर, कासार असा क्रम लागतो. मराठी क्रम काशीकर, कासार, काळे असा आहे. त्यासाठी भाषेचे नियम जाणणारी तुलना हवी. जावास्क्रिप्टमध्ये ‘कोलेटर’ला मराठीचा भाषा-कोड देता येतो.

गैरसमज ५ : आकडे ते आकडे, कुठल्याही लिपीतले.
वस्तुस्थिती : ‘४११०३०’ हा पिनकोड पायथन संख्या म्हणून स्वीकारतो, जावास्क्रिप्ट मात्र नाकारते. ब्राउझर आणि सर्व्हर यांचं एकमत नसेल, तर चूक शोधण्यात दिवस जातो. देवनागरी अंक आत येतानाच एका ठिकाणी बदलून घ्या.

या पाचही चुका लपून राहतात, कारण चाचणीतली नावं ‘टेस्ट’ आणि ‘एबीसी’ अशी असतात. मीरा, ज्ञानेश्वरी, तिन्ही प्रकारे लिहिलेले वऱ्हाडे, काळे–काशीकर ही जोडी आणि देवनागरी पिनकोड एवढं पहिल्याच दिवशी युनिट टेस्टमध्ये घाला. कोड बदलेल तेव्हा त्या चाचण्या आपोआप चालू द्या. मराठीची सोय शेवटच्या आठवड्यात वरून चिकटवता येत नाही. डेटाबेसचा पहिला रकाना आखतानाच ती करायची असते.