देखण्या नटाने पत्करलेली जोखीम

डर्क बोगार्ड 1950च्या दशकात ब्रिटिश पडद्यावरचा लाडका नायक होता. 'डॉक्टर इन द हाउस'ने (1954) त्याला घराघरांत पोहोचवले. अशा नटाने 1961 साली 'व्हिक्टिम'मध्ये समलैंगिक ओढ असलेल्या, विवाहित बॅरिस्टरची भूमिका घेतली. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील शरीरसंबंध तेव्हा गुन्हा होता. त्याच भीतीवर खंडणीखोर जगत, आणि चित्रपटाचा विषय नेमका तोच आहे. नायक मेल्विल फार अखेर कारकिर्दीवर पाणी सोडून साक्ष द्यायला उभा राहतो. या भूमिकेचे सारे बळ मला बोगार्डच्या लोकप्रियतेत दिसते. ज्याच्यावर प्रेक्षकांचा आधीच जीव जडला होता, त्याचा तिरस्कार करणे त्यांना सोपे नव्हते.

चित्रपट भित्रा आहे, फारने मोह आवरलेला दाखवून त्याला सोवळा ठेवला आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण पत्नीसमोर तो एका तरुणाबद्दलच्या ओढीची कबुली देतो, तो प्रसंग पाहावा. तिथे बोगार्डचा संयम गळून पडतो आणि सोवळेपणही उरत नाही. दुसरा आक्षेप असा, की जोडीदार अँथनी फॉरवुडसोबत अनेक वर्षे राहूनही बोगार्डने स्वतःबद्दल जाहीरपणे काही सांगितले नाही. मात्र तुरुंगाची टांगती तलवार असताना कुणाकडून कबुली मागणे अन्यायाचे आहे. जे जोखमीचे होते, ते त्याने पडद्यावर केले. इंग्लंडमधला कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, 1967 साली शिथिल झाला.