घाटातली बारी आणि वेगाचा पहिला धडा

बैलगाड्यांच्या शर्यती महाराष्ट्रात दोन तऱ्हांनी होतात. सातारा-सांगलीकडच्या सपाट मैदानात अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात आणि जी जोडी आधी निशाण गाठते ती जिंकते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात मात्र चढावर आखलेल्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. पुढे घोडी, तिच्यामागे बैल, खाली एक निशाण, वर एक निशाण. दहा-पंधरा सेकंदांत बारी, म्हणजे ही एक धाव, संपते आणि सगळ्यांचे कान भोंग्याकडे लागतात, कारण गाडा किती वेगानं गेला हे आता घड्याळच सांगणार असतं. शेजारी दुसरा गाडाच नसल्यामुळे कोण कोणाच्या पुढे गेलं हा प्रश्नच इथे उद्भवत नाही.

या दोन तऱ्हांमधला फरक प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा. मूल वेगाची कल्पना कशी बांधतं, हे त्यातून फार स्वच्छ दिसतं.

1928 साली स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथे भरलेल्या व्याख्यानसत्रात आल्बर्ट आइन्स्टाइन आणि बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची गाठ पडली. आइन्स्टाइननं विचारलं, लहान मुलाला आधी काय कळतं, काळ की वेग? काळाची जाण उपजत असते, की ती वेगाच्या अनुभवातून तयार होते? पियाजेनं हा प्रश्न अनेक वर्षं मनावर घेतला. 1946 साली त्याची दोन पुस्तकं निघाली, एक मुलांच्या काळाच्या कल्पनेवर आणि दुसरं गती व वेगाच्या कल्पनेवर. त्यातला एक प्रयोग तर कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत करता येईल इतका साधा आहे. एक लांब आणि एक आखूड असे दोन बोगदे मांडायचे. दोन बाहुल्या एकाच क्षणी आत शिरतात आणि एकाच क्षणी बाहेर पडतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारलं की कोणता बोगदा लांब, तर ते बरोबर दाखवतं. मग विचारलं की कोणती बाहुली जोरात गेली, तर ते म्हणतं, दोघी सारख्याच, एकदमच आल्या ना! बोगदे काढून तोच खेळ उघड्यावर केला, एक बाहुली दुसरीला गाठून पुढे सरकताना दिसली, की मग उत्तर बदलतं.

लहान मुलाच्या लेखी जोरात जाणं म्हणजे मागे टाकणं. अंतर आणि काळ यांची सांगड नंतर येते, आणि ती आपोआप येईलच असं नाही. आपल्याकडे सहावीच्या पुस्तकात ‘गती व गतीचे प्रकार’ असा धडा आहे, सातवीत ‘गती, बल व कार्य’. तिथे अंतराला काळानं भागायचं सूत्र भेटतं, मुलं ते पाठ करतात, गणितं सोडवतात. पण ज्या प्रश्नाचं ते उत्तर आहे तो प्रश्न बहुतेकांना कधी पडलेलाच नसतो. तो पडायला हवा पहिली ते चौथीत, आणि तोही वर्गाबाहेर, पायांनी.

नारायणगावचा टोमॅटोबाजार जवळ असल्यानं जुन्नर-आंबेगावच्या भागात प्लास्टिकच्या क्रेटना तोटा नाही. रिकामे क्रेट उलटे घालून एक रांग लांब, एक आखूड करा, वर चादर टाका. खेळण्यातल्या दोन गाड्यांना दोरा बांधून मोठ्या वर्गातल्या दोन मुलांना त्या ओढायला लावा. एकदम आत, एकदम बाहेर. थोडा सराव लागतो. मग उत्तर न सांगता वर्गात भांडण होऊ द्यावं. हे भांडण फार मोलाचं आहे. शिक्षकानं घाईनं बरोबर उत्तर दिलं की ते मिटतं आणि विचारही तिथेच थांबतो.

पुढचा खेळ आणखी सोपा आहे. झेंड्याचा खांब धरून एक मूल उभं राहील, त्याचा हात धरून दुसरं, दुसऱ्याचा तिसरं, अशी सहा जणांची सरळ ओळ. ओळ न मोडता खांबाभोवती गोल फिरायचं. सगळे एकाच वेळी निघतात, एकाच वेळी थांबतात, कुणी कुणाला मागे टाकत नाही. तरी खांबाजवळचं मूल पाय घासत चालतं आणि शेवटचं धापा टाकत धावतं. ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्या मुलाला त्या टोकाला उभं करून एक फेरी मारायला लावावी. गावातल्या वडीलधाऱ्यांनी हे मळणीच्या खळ्यात पाहिलेलं असतं. मेढीजवळचा बैल सावकाश फिरायचा, कडेच्या बैलाला त्याच वेळात कितीतरी जास्त चालावं लागायचं.

एवढं झालं की शाळेच्या मैदानात घाट आखावा. चुन्यानं दोन रेघा, मध्ये तीस पावलं, आणि एका वेळी एकच मूल पळणार. फळ्यावर नाव आणि सेकंद. इथे पहिली अडचण येते ती आकड्याची. आठ सेकंदवाली जोरात की दहा सेकंदवाला? दुसरीतल्या मुलाला मोठा आकडा म्हणजे जास्त असंच ठाऊक असतं. मात्र घाटाच्या पट्ट्यातल्या मुलांनी यात्रेत ऐकलेलं असतं की सेकंद कमी तर बारी चांगली. शहरातल्या मुलाला जे समजावून द्यावं लागतं, ते यांच्या कानावरून आधीच गेलेलं असतं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. आता शेजारच्या वर्गाचा घाट आखायचा, पण चाळीस पावलांचा. तिथलं पहिलं आलेलं मूल नऊ सेकंदांत पोचलं, आपल्याकडचं आठ सेकंदांत. मग आपलंच जास्त वेगवान का? कुणीतरी ओरडतंच, पण त्यांचा घाट लांब आहे! प्रत्येक गावच्या घाटाची लांबी आणि चढ वेगळा, म्हणून एका गावचे सेकंद दुसऱ्या गावाला लावता येत नाहीत, हे गाडामालकांना चांगलं माहीत असतं. वर्गात हा वाद पेटला की मगच विचारावं: एका सेकंदात कोण किती पावलं गेलं? तीसला आठनं भागा, चाळीसला नऊनं. एकाची पावणेचार पावलं, दुसऱ्याची साडेचारच्या थोडीशी खाली. सूत्र न शिकवता सूत्र आलं, आणि ते गरजेपोटी आलं. चौथीच्या मुलाला भागाकार येतो, त्याला ते पेलतं.

बैलगाड्यांच्या शर्यतींबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यावर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलांच्या हालांचा मुद्दा खरा आहे आणि वर्गात कुणी मुलानं तो काढला तर त्याला बोलू द्यावं. मैदानातल्या घाटात पळायचं ते मुलांनीच. जनावराला त्यात ओढायची काही गरज नाही.

आता वेग वाढतो कसा, ते ऐकू. होय, ऐकू. प्लंबरकडून सहा फुटी पीव्हीसी पाइप उभा चिरून आणावा, त्याची पन्हळ होते. एका टोकाखाली दोन विटा. पन्हळीत चाळीस, ऐंशी, एकशेवीस आणि एकशेसाठ सेंटिमीटरवर बारीक दोरा आडवा चिकटवावा आणि वरून गोटी सोडावी. प्रत्येक दोऱ्यावर टिक असा आवाज येतो आणि टिकटिक जवळजवळ येत जाते. डोळे मिटून ऐकलं तरी गोटी वेग घेते आहे हे कळतं. मग दोरे हलवून दहा, चाळीस, नव्वद आणि एकशेसाठवर आणावेत. आता टिक सारख्या अंतरानं पडतात, इतक्या की भजनातला टाळ वाजवणारं मूल त्यांच्यावर ठेका धरू शकतं. मधली अंतरं मोजली तर दहा, तीस, पन्नास, सत्तर. एक, तीन, पाच, सात.

हा नियम गॅलिलिओनं 1638 च्या आपल्या ग्रंथात मांडला. त्याच्याकडे सेकंद दाखवणारं घड्याळ नव्हतं. उतरत्या फळीतल्या खोबणीतून तो गोळा सोडायचा आणि तेवढ्या वेळात भांड्यातून गळालेलं पाणी तोलून काळ मोजायचा. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर धरत, तिथेही काळाचा हिशेब पाण्याकडेच होता. महागड्या साहित्याची पेटी नाही म्हणून प्रयोग होत नाहीत, ही सबब मला म्हणूनच पटत नाही. जवळच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हातानं काम करत शिकण्याच्या विश्वासावर. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंमधून किती खेळणी घडवली! शिक्षकाला लागतो तो वेळ आणि थोडा गोंधळ सहन करण्याची मोकळीक, आणि ती त्याला मिळत नाही हे दुखणं मोठं आहे.

पन्हळीतून उतरलेली गोटी जमिनीवर कुठवर जाते, हेही पाहावं. गोणपाटावर ती लगेच थांबते, फरशीवर लांब जाते, काचेवर त्याहून लांब. का थांबली विचारलं तर मुलं हमखास सांगतात, तिच्यातला जोर संपला. या उत्तराला हसू नये. वैशेषिक दर्शनात वेग हा पदार्थात राहणारा संस्कार मानला आहे आणि सुटलेला बाण त्याच्या बळावर जातो असं म्हटलं आहे. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ बुरिदाननंही असंच काहीसं मांडलं होतं. मोठमोठ्या विचारवंतांच्या वाटेवर मूल उभं आहे. त्याला एवढंच विचारावं: जोर तोच होता, विटा त्याच होत्या, मग फरशीवर तो उशिरा का संपला? थांबवणारी वस्तू गोटीत नसून जमिनीत असेल का?

काही गती मात्र इतक्या मंद असतात की त्या दिसत नाहीत. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या हे जुन्नरच्या मुलांच्या ओळखीचं दृश्य आहे. एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची, अशा एकूण 30. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला 15 अंशांनी सरकताना दिसतं आणि एखाद्या ताऱ्याचा पाठलाग करणारी तबकडी त्याला धरून वळत राहते. टक लावून पाहिलं तर ती स्थिरच वाटते. तासाभरानं पाहिलं तर तोंड फिरलेलं. शाळेत झेंड्याच्या खांबाच्या सावलीच्या टोकाला दर दहा मिनिटांनी खडूची खूण करून हेच करता येतं. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला शाळांची प्रदर्शनं मांडली जातात, तेव्हा या खुणा घेऊन जाणाऱ्या मुलांना तिथे विचारायला खूप काही सापडेल.

उरला घड्याळाचा प्रश्न. मैदानातल्या घाटात एकाच मुलाची धाव तीन मुलांनी मोबाइलवर मोजली की तीन वेगळे आकडे येतात, आणि कुणाचं खरं यावरून पुन्हा भांडण. तेव्हा पट्टीचा खेळ खेळावा. एकानं पट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्यानं शून्याजवळ उघडी ठेवलेली बोटं मिटून ती पकडायची. पट्टी वीस सेंटिमीटर निसटली तर बोटांना हलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागला. अंगठ्यानं घड्याळ दाबतानाही असाच उशीर होतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा. म्हणून तीन आकड्यांतला मधला घ्यावा, आणि दोन मुलांच्या वेळांत या उशिरापेक्षा कमी फरक असेल तर दोघांनाही पहिला नंबर द्यावा. हरलेलं मूल हे लगेच मान्य करतं, जिंकलेलं करत नाही. त्याला पुन्हा पळू द्यावं, मोजणारे बदलून.