बाटलीतली अंबाडी

आमच्या भागातल्या चुलीला आंबटाची ददात कधी पडली नाही. चिंच घरची, कैरी शेजाऱ्याची, ताक रोजचं. व्हिनेगर आलं ते फार उशिरा, चायनीजच्या गाड्यांच्या मागून. फुलसावंगी हे महागाव तालुक्यातलं बाजाराचं मोठं गाव. पैनगंगेच्या खोऱ्यातलं, एका अंगाला उमरखेड, एका अंगाला पुसद, आणि नदीपलीकडे माहूर. इथल्या किराणा दुकानात व्हिनेगरची पांढरी बाटली सोया सॉसला खेटून उभी असते. ती मंचुरियनसाठी नेतात, असाच सगळ्यांचा समज. त्या बाटलीत अंबाडी घालून उन्हाळ्याच्या जेवणाची सोय करणारी एक मावशी इथे आहे. तिच्या ओसरीवर बसून हे सगळं पाहिलं, थोडं हातानं केलंही.

अंबाडीची पालेभाजी विदर्भात कुणाला सांगायला नको. ज्वारीच्या कण्या, वर लसणाची फोडणी, झालं जेवण. पण पाल्याची अंबाडी वेगळी आणि बोंडांसाठी लावतात ती लाल अंबाडी वेगळी. लाल अंबाडीचं खरं फूल फिकट पिवळं, मध्ये गर्द तांबडा ठिपका. ते एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी गळून जातं. मागे राहतो तो फुलाखालचा मांसल लाल निदलपुंज. बी धरता धरता तो फुगतो, आणि आपण त्यालाच ‘अंबाडीचं फूल’ म्हणतो. शास्त्र काही म्हणो, बाजारात हेच फूल. दिवस लहान व्हायला लागले की हे झाड फुलावर येतं, त्यामुळे दिवाळीच्या आसपास कळ्या आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तोडणी. उन्हाळ्याचं आंबट थंडीतच कमवून ठेवावं लागतं. चैत्रात आठवण झाली तर झाडावर फक्त काटक्या असतात.

पूर्वी ही अंबाडी कपाशीच्या, तुरीच्या धुऱ्यावर सहज लावली जायची. वाख काढायचा, दोर वळायचे, बोंडं शरबताला. आता धुऱ्यावर तणनाशक फिरतं आणि रुंद पानाचं म्हणून त्यात अंबाडीही जाते. मावशीनं म्हणूनच तिची चार ओळी अंबाडी परसात, न्हाणीच्या पाण्यावर आणली आहे. त्यात शहाणपणही आहे. 2017 साली पावसाळा सरताना याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीनं विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. ते वर्ष इथे कुणी विसरलेलं नाही. फवारलेल्या कपाशीला लागून असलेल्या धुऱ्यावरचं बोंड कितीही लालचुटूक दिसलं तरी ते खाण्यात घेऊ नये. व्हिनेगरमध्ये भिजवल्यानं औषध निघून जातं असं काहींना वाटतं. जात नाही, उलट पाकळीतलं जे काही आहे ते सगळं त्या आंबटात उतरतं. त्यासाठीच तर आपण ती भिजवतो.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर. बोंड देठाशी वाकवलं की टचकन तुटायला हवं. जे तुटत नाही, चिवटपणे सोलत येतं, ते जुनं. “नरम पाह्यजे,” मावशी सांगते, “निबर झालं का मंग ते बियाले ठेवाचं.”

खरं काम पुढे आहे, आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येक बोंडाच्या पोटात हिरवी बीजकोषाची गाठ असते. तिच्यावर बारीक लव असते आणि तासाभरात बोटांच्या पेरांना खाज सुटते. गाठ पाकळ्यांसकट वाळवली तर पुढे बुरशी हमखास, कारण बाहेरचं वाळतं आणि आतलं ओलं राहतं. मावशीकडे यासाठी स्टीलच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा आहे, एका टोकाला कानशीनं धार लावलेला. बोंड डाव्या हातात उलटं धरायचं, नळी देठाच्या जागी टेकवायची, किंचित फिरवत दाबायची. एक बारीक ‘कच्’ आवाज येतो आणि गाठ समोरच्या तोंडातून अख्खी बाहेर. हातात राहतो तो पाच पाकळ्यांचा पोकळ लाल पेला. नळी तिरपी गेली तर पेला फाटतो. फाटलेले पेले वेगळे टाकायचे, ते चटणीला. माझ्या वाटणीच्या टोपलीत चटणीचा ढीग मोठा होता. मावशी त्यावर काही बोलली नाही, नुसती टोपली तिच्याकडे ओढून घेतली.

पेले एकदाच पाण्यातून काढायचे, चोळायचे नाहीत. मग धुतलेल्या सुती लुगड्यावर एकेरी पसरायचे, तेही सावलीत. उन्हात लवकर वाळतात हे खरं, पण रंग उडतो. लाल रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो ते उजेडाला आणि उष्णतेला कच्चं आहे. आपल्याकडची डिसेंबरची हवा इतकी कोरडी असते की ओसरीवर आठवडाभरात काम होतं. पाकळी दुमडल्यावर मोडली पाहिजे, वाकली तर आणखी एक दिवस. दहा किलो ओल्या बोंडपाकळ्यांचं वाळून साधारण किलोभर उरतं, आणि पाटीभर काम डब्याच्या तळाशी बसलेलं पाहून कुणाचाही जीव हिरमुसतो.

आता व्हिनेगर. बाटलीवरचं लेबल वाचायची सवय आपल्याला नाही, इथे ती लावून घ्यावी. दुकानातल्या बहुतेक स्वस्त बाटल्यांत ॲसेटिक ॲसिड पाण्यात मिसळलेलं असतं, आणि नियमाप्रमाणे त्यावर ‘सिंथेटिक’ असं छापावं लागतं. दुसरं ते आंबवून केलेलं, ऊस, गूळ, सफरचंद अशा कशापासून तरी. दोन्हींत ॲसिड किमान पावणेचार टक्के असलं पाहिजे असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. सिंथेटिक विषारी नसतं, पण त्याला चवीची खोली नसते. जिभेवर एकच सुई टोचते. अंबाडी घातल्यावर ती सुई जरा बोथट होते, कारण बोंडाचं स्वतःचं आंबट वेगळं, फळाच्या अंगानं जाणारं आहे. मला विचाराल तर थोडे पैसे जास्त मोजून आंबवलेलं घ्यावं. मावशी सिंथेटिकच वापरते आणि तिचं चांगलं होतं, हेही सांगायला हवं.

उसाचा तालुका, गुंजला साखर कारखाना, मग घरीच सिरका, म्हणजे व्हिनेगर, का घालत नाही, असं मी विचारलं. गुळाचं पाणी आधी दारू होतं आणि मगच सिरका. मधली पायरी गाळता येत नाही. साखरेची दारू यीस्ट करतं, दारूचं आम्ल हवेत जगणारे वेगळे जिवाणू करतात. 1860 च्या दशकात लुई पाश्चरनं फ्रान्समधल्या सिरकेवाल्यांसाठी हेच उलगडून दाखवलं. नदीपलीकडच्या माहूर-किनवटच्या जंगलातला मोह तर या कामाला सोन्यासारखा, वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच. मोहफुलं गोळा करण्या-नेण्यावरची बंधनं सरकारनं 2021 साली सैल केली, तरी मोहाचं नाव काढलं की गावाच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या आहेत. मावशीचा सवाल बिनतोड होता. “घरात गुळाचं पाणी सडवलं, तं गल्लीले काय सांगू? सिरका होऊन राह्यला म्हणून?”

वासावरून गल्लीची समजूत पटणार नाही, हे मलाही मान्य आहे. शिवाय सिरक्याच्या जिवाणूंना पंचवीस-तीस अंशांची हवा मानवते. आमच्याकडचा एप्रिल-मेमधला चाळिशीपलीकडचा पारा त्यांना झेपत नाही. ज्यांना करायचंच आहे त्यांनीही ते थंडीतच लावावं.

तर बाटली. लिटरभर व्हिनेगरला चाळीस ग्रॅम वाळल्या पाकळ्या, म्हणजे दोन भरगच्च ओंजळी. पाकळ्या वाळल्याच हव्यात. ओल्या पाकळीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते सुटून व्हिनेगर पातळ झालं की त्याची टिकवण्याची ताकद जाते. स्टीलच्या पातेल्यात व्हिनेगर तापवायचं, पण उकळायचं नाही. जर्मनचं पातेलं नको, तांब्या-पितळेचं तर नकोच, आंबट त्यांना खातं आणि ते आंबटाला नासवतं. खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर वाफ थेट डोळ्यांत जाते. तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले की उतरवायचं, आणि उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत पाकळ्यांवर ओतायचं.

पुढची पाच मिनिटं बरणीसमोरून हलू नये. आधी काहीच होत नाही. मग एकेका पाकळीच्या कडेवरून तांबडे धागे सुटतात आणि सरळ खाली बुडतात, कारण रंग उतरलेलं व्हिनेगर कोऱ्यापेक्षा जड असतं. तळाशी लाल थर साठतो, वर पांढरं तसंच. बरणी गोल फिरवली की सगळं एकदम डाळिंबी. पाकळ्या तरंगतात म्हणून मावशी वर एक छोटी काचेची वाटी दाबून ठेवते, उघडी पडलेली पाकळी बुरशी धरते. झाकण प्लास्टिकचं किंवा काचेचं. पत्र्याचं झाकण महिन्याभरात गंजतं. बरणी फडताळात, अंधारात. दहा-बारा दिवसांनी गाळायचं, तोवर पाकळ्या फिक्या गुलाबी आणि चिवट झालेल्या असतात.

गाळताना मावशीच्या घरच्या काकांनी त्यांच्या डबीतला चुना नखावर घेऊन बशीतल्या थेंबभर लाल व्हिनेगरमध्ये कालवला. लाल आधी जांभळं झालं, मग शेवाळी हिरवट. आंबट मेलं की हा रंग मरतो. आता कळलं, पातळ केलेलं अंबाडीचं शरबत आमच्याकडे बोअरच्या जड पाण्यात असं मळकट का दिसतं! व्हिनेगरमधला रंग मात्र मे महिन्यातही टिकतो, बरणी माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवली तर आणखी चांगला.

वापराचं म्हणाल तर सगळ्यात आधी कांदा. ढाब्यावर बिटानं रंगवलेला सिरक्याचा कांदा देतात, तो इथे बिटाशिवाय होतो. छोटे कांदे चार फाका करून, मीठ, एक उभी मिरची, आणि बुडेल इतकं लाल व्हिनेगर. दुपारी घातला तर रात्री पिठलं-भाकरीसोबत खाण्याजोगा. काकडीला चमचाभर पुरे. गोळाभातावर फोडणीचं तेल आणि शेजारी चिंचेच्या साराऐवजी गूळ-जिरं घातलेलं याचं पातळ सार. हे मला आधी आगाऊपणा वाटलं होतं, पण चिंचेचा जडपणा त्यात नाही आणि बेचाळीस अंशात तेच बरं वाटतं. डाळभाजीत घालू नये, डाळ तपकिरी पडते. गार पाण्यात दोन चमचे, गूळ, सैंधव, असं शरबतही करतात. पण ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्यापोटी ते धाडस करू नये. दातांनाही हे आंबट बाधतं, वर पाणी प्यावं.

हीच युक्ती दुसऱ्या फुलांवर चालते. देशी गुलाब, शेवग्याची फुलं. पण फूल खाण्याचंच हवं. कण्हेर परसातच असते, देखणी असते, आणि जीवघेणी असते. हारवाल्याकडचा गुलाबही नको, तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो.

गाळून उरलेल्या चिवट पाकळ्या मावशी टाकत नाही. फाटक्या पेल्यांच्या ढिगाशी त्या एकत्र होतात, त्यात गूळ, भाजलेले तीळ, लाल तिखट, लसूण, आणि पाट्यावर वाटण. तेलंगणात गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीच्या पाल्याचं, लोणचं घालतात, त्याचीच ही बोंडांकडची चुलत बहीण म्हणा. ही चटणी फ्रिजमध्ये महिनाभर टिकते असं मावशी सांगते. तिच्या घरी ती आठवड्याच्या वर उरलेली कुणी पाहिलेली नाही.